नागपुरात अचानक रात्र काढायची वेळ आली, तर खोली कुठे घ्यावी?

हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथे गाडी बदलणारे पुष्कळ. पहिली गाडी लेट होते, पुढची चुकते आणि रात्री अकरा वाजता हातात बॅगा, सोबत म्हातारी आई नाहीतर झोपेला आलेलं पोर, अशी माणसं स्टेशनाबाहेर उभी दिसतात. मोबाईल काढून सगळ्यात स्वस्त खोली शोधावी, हाच बहुतेकांचा पहिला विचार. माझं सांगणं असं, की भाडं नंतर बघा. उद्या सकाळी निघायचं कुठून, हे आधी ठरवा. साधी हॉटेलं आणि लॉज स्टेशन, बर्डी (सीताबर्डी), बसस्टँड आणि वर्धा रोड यांच्या आसपास दाटलेले आहेत. चुकीच्या भागात खोली घेऊन वाचवलेले दोनशे रुपये पहाटेच्या ऑटोत जातात, वर जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

पुढची गाडी त्याच स्टेशनावरून असेल, तर बाहेर पडायच्या आधी रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनातलीच रेल्वेची भाड्याची खोली, बघा. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असलं की पीएनआर टाकून आयआरसीटीसीवरून बुकिंग करता येतं. वेटिंगवर असाल तर हा मार्ग बंद. सामान ओढत फिरणं नाही, ऑटोवाल्याशी घासाघीस नाही, गाडीची घोषणा कानावर येत राहते. अडचण एकच, ऐन वेळी खोली शिल्लक असेलच असं नाही. एक लक्षात ठेवा, तुम्ही जिथून चढणार तिथे गाडी 3 तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि प्रवासच नको असेल, तर ती गाडी सुटायच्या आत ऑनलाइन टीडीआर, म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागायचा अर्ज, भरा. तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात आणि त्यात रात्रीच्या खोलीचा खर्च बराचसा निघतो.

रिटायरिंग रूम नाही मिळाली, तर खरी निवड सेंट्रल अव्हेन्यू आणि सीताबर्डी या दोहोंत.

सेंट्रल अव्हेन्यू स्टेशनाच्या पूर्वेला. मेन गेटमधून बाहेर पडलात तर रूळ ओलांडून पलीकडे जावं लागतं, म्हणून फलाटावरूनच संत्रा मार्केटच्या बाजूने बाहेर पडा. या रस्त्यावर आणि त्याच्या गल्ल्यांत लॉजच लॉज आहेत. इतवारी-गांधीबागेत माल घ्यायला येणारे व्यापारी वर्षानुवर्षं इथेच उतरतात, मेयो हॉस्पिटलात पेशंट असलेली घरंही इथेच खोली घेतात. त्यामुळे रात्री दोनला दार वाजवलं तरी कुणी कपाळाला आठ्या घालत नाही, आणि मोमिनपुऱ्याकडे उशिरापर्यंत जेवण मिळतं. पण रस्त्याकडच्या खोलीत गाड्यांचा आवाज रात्रभर असतो. मागची खोली मागा, आणि मागच्या खोलीला खिडकी आहे ना, हेही विचारा. पुष्कळ लॉजमध्ये ‘खिडकी’ म्हणजे जिन्याकडे उघडणारं तावदान असतं.

बर्डी, म्हणजे सीताबर्डी, स्टेशनाच्या दुसऱ्या अंगाला. बायकामाणसं, म्हातारी माणसं सोबत असली, किंवा एखादी बाई एकटीच असली, तर मी बर्डीच सांगेन. मोदी नंबर एक, दोन, तीन अशा नावांच्या गल्ल्यांत आणि मेन रोडच्या आसपास साधी, घरगुती वळणाची हॉटेलं आहेत. संध्याकाळी भरपूर वर्दळ, औषधाचं दुकान, एटीएम, साधं शाकाहारी जेवण सगळं हाकेच्या अंतरावर. शिवाय मेट्रोच्या दोन्ही लाइन बर्डीलाच भेटतात. खापरीकडे जाणारी ऑरेंज लाइन विमानतळाच्या बाजूने जाते, प्रजापतीनगरकडे जाणारी अ‍ॅक्वा लाइन दोन स्टेशनांत रेल्वे स्टेशनला पोचवते. मात्र मेट्रो साधारण सकाळी सहा ते रात्री दहा. पहाटे साडेचारची गाडी असेल तर तिच्या भरवशावर राहू नका आणि बर्डीतही राहू नका, त्यापेक्षा सेंट्रल अव्हेन्यूचा गोंगाट परवडला. आणि बर्डीत उशिरा पोचणार असाल तर आधी फोन करा. दुकानं मिटली की गल्ल्या एकदम सामसूम होतात आणि काही हॉटेलांचं शटर अर्धं खाली येतं.

एसटीने पुढे जायचं असेल तर गणेशपेठ. बसस्टँडच्या समोर नि कॉटन मार्केटच्या बाजूला लॉज आहेत, पहिल्या बसला पायी जाता येतं, यापलीकडे त्यांचं फारसं कौतुक नाही. खाजगी ट्रॅव्हल्सच्या बसचं वेगळं. या बस शहरात चार ठिकाणी प्रवासी घेतात, तेव्हा मेसेजमधला थांबा वाचल्याशिवाय खोली घेऊ नका. सकाळचं विमान असेल तर वर्धा रोडवर, छत्रपती चौक ते सोनेगाव या पट्ट्यात राहा. भाडं थोडं जास्त, खोल्या नव्या. मेट्रोचं विमानतळ स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही, हे बॅगा जड असतील तर धरून चाला.

आता नागपूरच्या बाहेरचे लोक हमखास जिथे अडखळतात तो प्रश्न, एसी की कूलर. काउंटरवर भाव सांगताना ‘कूलर रूम’ बरीच स्वस्त सांगतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात, पारा 45 च्या घरात असताना, चांगला डेझर्ट कूलर छान झोप देतो. मी तर त्या दिवसांत जुन्या, घरघरणाऱ्या एसीपेक्षा तोच घेईन. पण अट आहे. कूलर गॅलरीत किंवा खिडकीबाहेर हवा आणि खोलीतली हवा बाहेर पडायला दुसरी वाट हवी. बंद खोलीत ठेवलेला कूलर तासाभरात अंथरूण दमट करून टाकतो. पैसे द्यायच्या आधी तो चालू करून पाच मिनिटं थांबा. गवताच्या पॅडवर पाणी सगळीकडे उतरतंय का बघा. अर्धं पॅड कोरडं दिसलं तर पंप तरी गेलाय नाहीतर नळी तुंबलीय, आणि मग रात्रभर गरम वाराच मिळणार. पाण्याला कुबट वास आला तर ते आठवडाभर बदललेलं नाही, त्यात डासही असतात. अशा वेळी खुशाल म्हणा, “भाऊ, पाणी बदलून द्या, नाहीतर दुसरी रूम दाखवा.” वाईट कुणी वाटून घेत नाही. जून संपून पाऊस लागला की कूलर रूमचा नाद सोडा. दमट हवेत तो गारवा देत नाही, नुसता चिकचिकाट करतो. जुलै ते सप्टेंबर एसी, नाहीतर साधा पंखा. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही नको. तेव्हा गरम पाणी चोवीस तास आहे की सकाळी बादलीने मिळतं, आणि ब्लँकेट धुतलेलं आहे का, एवढंच बघा. नागपूरची थंडी हलकी समजून येणारे रात्रभर कुडकुडतात.

खोली कुठलीही असो, चेकआउटची वेळ चावी घ्यायच्या आधी विचारा. काही ठिकाणी 24 तासांचा हिशेब, काही ठिकाणी दुपारी 12 ठरलेली. रात्री दोनला आत शिरलात आणि गाडी संध्याकाळची असेल, तर दुपारी 12 च्या हॉटेलात दुसऱ्या दिवसाचं भाडं पडतं. तेव्हा नऊशेची 24 तासवाली खोली सातशेच्या खोलीपेक्षा स्वस्त ठरते. ओळखपत्र म्हणून मास्क्ड आधार दाखवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बिल मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून रोज 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे. कुणी 12 टक्के लावले तर तिथेच बोट ठेवा. सर्व्हिस चार्ज परस्पर जोडला असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

वर्षातल्या दोन वेळा मात्र हा सगळा हिशेब बदलतो. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आणि डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. तेव्हा बर्डी, गणेशपेठ, स्टेशन सगळं भरतं आणि भाडीही चढतात. या दिवसांत नागपुरात गाडी बदलायची असेल, तर तिकीट काढतानाच रिटायरिंग रूमचं बघा. ती नाहीच मिळाली तर वर्धा रोडला फोन लावायला घ्या, आणि खोली पक्की झाल्याशिवाय ऑटोत बसू नका.