हॅमॉक टांगायला फाशांचे पट्टे की व्हूपी स्लिंग?

हॅमॉक म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची झोळी. ती टांगायच्या या दोन्ही प्रकारांत पट्टा किंवा दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांवर हवी. तेव्हा प्रत्येक बाजूला साधारण तुमच्या वजनाइतका ताण येतो. १० अंशांवर तो जवळजवळ तिप्पट होतो, खांदे आवळतात आणि तिरकं झोपता येत नाही.

फाशांचे पट्टे, म्हणजे लांबीभर ओळीने फासे शिवलेले पट्टे, सोपे: झाडाभोवती गुंडाळा, टोक फाशातून ओवा, कॅरॅबिनर (उघडमिट होणारी धातूची कडी) अडकवा. अंधारातही जमतं. पण दोन फाशांमधलं नेमकं अंतर साधत नाही. पट्टा पॉलिएस्टरचाच घ्या. नायलॉन ओला झाला की ताणतो आणि पहाटे बूड जमिनीला टेकतं.

व्हूपी स्लिंग म्हणजे स्वतःच्याच पोटातून ओवलेली डायनिमाची (मजबूत, न ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याची) पोकळ दोरी. बोटभर फरकही जमतो, जोडी खिशात मावते. मात्र झाडाला किमान २.५ सेंमी रुंद पट्टा वेगळा लागतो, नाहीतर सालीला काच पडतो. लांबी ठरल्यावर दोरी जिथे स्वतःच्या आत ओवलेली आहे तो भाग हाताने ओढून आवळायचा. हे विसरलं की दोरी सरकते. शिवाय तिला किमान लांबी असते, जवळजवळच्या झाडांत ती निरुपयोगी.

नवख्याने पट्टेच घ्यावेत. ३.३ मीटरच्या हॅमॉकला २.७५ मीटरची रिजलाइन (हॅमॉकच्या दोन टोकांमधली वरची दोरी) बांधली की झोळ कायम राहतो आणि नेमकं अंतर न साधण्याची फाशांची अडचण फारशी जाणवत नाही.