ट्रेड डॉलर की मॉर्गन? चांदीचं जुनं अमेरिकन प्रूफ घेण्याआधी

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन डॉलर प्रूफमध्येच, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या आरशासारख्या नाण्यातच हवा असेल, तर निवड बहुतेकदा ट्रेड डॉलर आणि मॉर्गन डॉलर या दोघांत होते. व्यास दोघांचा 38.1 मिलिमीटर, चांदी 90 टक्के. वजन मात्र वेगळं: ट्रेड 27.22 ग्रॅम, मॉर्गन 26.73.

संच पुरा करायचा असेल तर ट्रेड डॉलर घ्यावा. चीनच्या व्यापारासाठी 1873 मध्ये सुरू झालेलं हे नाणं 1879 ते 1883 या काळात फक्त प्रूफ म्हणून पाडलं गेलं. 1880 चे 1,987, तर 1881 चे 960. या वर्षांचा संच पाच नाण्यांत पुरा होतो. 1884 चे 10 आणि 1885 चे 5 यांचा विचारच सोडून द्या.

मॉर्गनचा वर्षवार संच 1895 पाशी अडतो. त्या वर्षीची 880 प्रूफ नाणी आहेत, पण फिलाडेल्फिया टांकसाळीचं चलनी नाणं एकही सापडलेलं नाही, त्यामुळे भाव इतर वर्षांच्या कितीतरी पट. मॉर्गनचं एकच नाणं घ्या, आणि ते 1896 ते 1898 मधलं. चेहऱ्यावर दाट पांढरी झाक आणि भोवतीच्या सपाट भागाला काळाभोर आरसा असा उठाव इथे मिळतो. 1893 च्या नाण्यात कानावरचे केस बऱ्याचदा पुसट उठलेले असतात.

फसवणुकीची तऱ्हाही निराळी. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर टांकसाळीचं अक्षर नसतं, म्हणून 1895 च्या ओ (न्यू ऑर्लिन्स) किंवा एस (सॅन फ्रान्सिस्को) नाण्यावरचं अक्षर खरवडून ‘प्रूफ’ बनवतात. मागच्या बाजूला, पुष्पचक्राच्या गाठीखाली दहापट भिंगाने बघा. ट्रेड डॉलरच्या नकला तर सर्रास मिळतात. 0.01 ग्रॅमच्या काट्यावर तोला, पण वजन बरोबर आलं म्हणून निर्धास्त राहू नका. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या कंपन्यांच्या स्लॅबमधलंच (सीलबंद प्लास्टिक डबीतलंच) घ्या आणि क्रमांक त्यांच्या साइटवर पडताळा.

दोन्हींत खरा पैसा पृष्ठभागाचा. एकाच दिव्याखाली नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवा. कापडाने पुसल्याचे बारीक ओरखडे खोलगट असतात आणि आरशावरून थेट चित्रावरही जातात. साचा घासल्याच्या रेषा उंचावलेल्या असतात आणि चित्राच्या कडेला थांबतात. पहिल्यांनी भाव पडतो, दुसऱ्यांनी सहसा नाही. रसायनात बुडवून लख्ख केलेल्या 64 दर्जाच्या (70 पैकी) नाण्यापेक्षा मूळची निळी-करडी छटा असलेलं 63 आम्ही केव्हाही घेऊ. सुटं नाणं पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका. हिरवा चिकट थर धरतो. धरलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा, चोळू नका.