फुगराय की पीबॉडी? कामगारांच्या घरांसाठी कोणता नमुना

शिरोलीतल्या फौंड्री कामगारांसाठी धर्मादाय घरं बांधू पाहणाऱ्या कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या मंडळींपुढे हे दोन जुने नमुने आहेत.

आधी भाडं. जर्मनीतल्या आउग्सबुर्गची फुगराय ही वसाहत याकोब फुगर या धनाढ्य व्यापाऱ्याने गरिबांसाठी १५२१ मध्ये स्थापली. भाडं वर्षाला एक गिल्डर (तिथलं जुनं नाणं), आजही ०.८८ युरो, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास! लंडनमध्ये जॉर्ज पीबॉडी या अमेरिकन बँकरच्या १८६२ च्या देणगीतून पहिली इमारत १८६४ मध्ये स्पिटलफील्ड्सला उभी राहिली. तिथं भाडं दर आठवड्याला. पक्की मजुरी असलेल्यालाच ते झेपे, हातावर पोट असलेले बाहेरच राहिले. ही उणीव मला फार मोठी वाटते.

टिकाव दोघांचाही दांडगा. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात फुगराय उद्ध्वस्त झाली, पुन्हा उभी राहिली. फुगरच्या न्यासाच्या जंगलांचं उत्पन्न तिला पोसतं. पण आजही तिथं दीडशेच माणसं. पीबॉडीच्या संस्थेने भाड्याचा पैसा नव्या इमारतींत घातला. आज लाखाहून अधिक घरं.

आता अटी. फुगरायला कॅथलिक असणं आणि रोज दात्यासाठी प्रार्थना करणं आवश्यक. शाहू महाराजांनी १९०१ पासून समाजवार बोर्डिंगांना बळ दिलं, ती त्या काळाची गरज होती. कामगार वसाहतीत मात्र शेजार मिश्रच हवा.

विधवा, म्हातारे, काम सुटलेले यांच्यासाठी थोडीच घरं बांधायची आणि पाठीशी जमिनीचं कायमचं उत्पन्न असेल, तर फुगराय. पगारदार कुटुंबं असतील आणि वसाहत वाढवायची असेल, तर पीबॉडी.