नहाणीला हवा: गच्चीपर्यंत पाइप की एअर व्हॉल्व्ह?

बाथरूम फोडायला काढलं की प्लंबर उतारावर बोलतो, ट्रॅपवर, म्हणजे जाळीखाली पाणी धरून ठेवणाऱ्या वळणावर बोलतो, जाळी स्टीलची घ्या म्हणून आग्रह धरतो. ड्रेनेजला हवा कुठून मिळणार, हे मात्र आपणच विचारावं लागतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं, दुसरं पाडलं की सलग धार लागते. ड्रेनेजचंही तसंच. दुसरं भोक नसलं की खाली जाणारं पाणी जवळच्या ट्रॅपमधून हवा ओढतं आणि तिथलं वास अडवणारं, जेमतेम ५० मिलिमीटर उंचीचं पाण्याचं सील सोबत घेऊन जातं. मग वास, आणि मग जाळीवर उपडं घातलेलं भांडं.

आमची कोथरूडची इमारत जुनी, चार मजली. खाली पार्किंग, त्यावर पहिला मजला आमचा. बिडाच्या लाइन काढून पीव्हीसी टाकायचं ठरलं, तेव्हा हवेसाठी दोन पर्याय समोर आले: गच्चीवर उघडणारा पाइप, किंवा घरातच लाइनवर बसणारा एअर व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्हच्या बाजूने बोलायला बरंच आहे. आत रबराचा पडदा असतो. लाइनमध्ये ओढ निर्माण झाली की तो उचलला जातो आणि हवा आत येते. ओढ संपली की आपल्या वजनाने खाली बसतो, वास बाहेर येत नाही. युरोपात असे व्हॉल्व्ह कित्येक वर्षं वापरात आहेत, तेव्हा खेळणं म्हणून हिणवायचं कारण नाही. शिवाय कुणाची परवानगी नको. पुण्यात सोसायटीत राहणाऱ्याला या एका वाक्याची किंमत कळेल.

पाइपचं काम त्या मानाने कटकटीचं. डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत माणूस उतरवा, कबुतरांची जाळी सोडवा, ती पुन्हा बांधा, तिसऱ्या मजल्यावरच्यांना ‘तुमच्या खिडकीसमोरून जाणार नाही’ असं पटवा. आणि गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर पाइप शेडच्या वर काढायलाच हवा. कित्येक इमारतींत गळती थांबवायला नंतर शेड घातली जाते आणि जुन्या पाइपचं तोंड आतच राहतं. मग कपडे वाळत घालायला गेलेल्या माणसाला वास येतो आणि कुणीतरी त्यात फडकं कोंबतं.

इतकं असूनही मी पाइपकडे वळलो, ते वरच्यांच्या वॉशिंग मशीनमुळे. सकाळी मशीनचं पाणी सुटलं की आमच्या नहाणीत आधी गुडगुड व्हायची, मग जाळीतून साबणाचा फेस वर यायचा. दुसऱ्याच्या कपड्यांचा फेस आपल्या पायाशी, तोही आंघोळीच्या वेळी! नातेवाईक राहायला आले की खुलासे देत बसायचं. ही ओढ नव्हती, उलटा दाब होता. वरून पडणारं पाणी तळाच्या बेंडला, म्हणजे उभी लाइन आडवी वळते तिथे येऊन तुंबतं, फेस तिथे साचतो, पुढची हवा दाबली जाते आणि सगळ्यात खालच्या ट्रॅपमधून वाट काढते. व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. म्हणजे नेमक्या या दुखण्यावर त्याचा उपयोग शून्य.

आम्ही तळाच्या बेंडच्या जरा वरून, आमच्या जोडणीच्या खालून, ७५ मिलिमीटरचा वेगळा पाइप घेतला आणि शेडच्या वर काढून त्यावर काऊल, म्हणजे हवा जाऊ देणारी टोपी बसवली. फेस यायचा थांबला. दाब काही मी मोजला नाही, पण जाळीवर आता भांडं नसतं.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचं गणित कदाचित वेगळं निघेल. तिथे त्रास बहुतेक ओढीचाच असतो, आणि मुख्य लाइन गच्चीवर उघडी असेल तर एखाद्या लांबच्या बेसिनला व्हॉल्व्ह पुरेल. आमच्याही स्वयंपाकघरात ओट्याखाली, सिंकच्या लाइनवर तो आहे, कारण तिथून डक्ट लांब पडतो. अजून तरी तक्रार नाही. फक्त तो ट्रॅपच्या बराच वर, उभा आणि हाताला येईल असा बसवून घ्या. टाइलमागे बुजवू देऊ नका. पडदा कधीतरी अडकणार, आणि अडकला तर तो आपण होऊन सांगत नाही, ओट्याखाली वास सुटतो तेव्हाच कळतं. पाइपमध्ये हलणारं काहीच नाही, हा मला त्याचा मोठा गुण वाटतो.

मे महिन्यात घर बंद ठेवून गावी गेलात आणि परत आल्यावर वास आला, तर मात्र दोघांनाही दोष देऊ नका. ट्रॅपमधलं पाणी उन्हाने आटलेलं असतं. बादलीभर पाणी ओतलं की झालं.

आणि खर्चाचा विचार करण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन या. मूळ लाइनचं तोंड बहुतेक तिथे असेल. त्यात घरटं, फडकं किंवा विटेचा तुकडा सापडला, तर आधी तो काढून चार दिवस वाट पाहा.