हवा भरायचा कयाक खान्देशच्या उन्हात चालतो का?

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, आणि मी ती मासे धरायला नेतो. पहाटे साडेपाच ते सकाळी नऊ एवढ्या वेळेपुरता चालतो, आणि मस्त चालतो. नऊनंतर कयाक, तुम्ही आणि डब्यातली गांडुळं, तिघांचंही मे महिन्यात काही खरं नाही.

धुळ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळा म्हणजे आमचा सीझन. शेतकऱ्यांच्या सबमर्सिबल जळून येतात, रात्री उशिरापर्यंत कॉइल भरत बसावं लागतं. त्यामुळे गळ टाकायला पहाटेचीच वेळ मिळते आणि योगायोगाने माशांचीही तीच वेळ असते. गेल्या उन्हाळ्यात हा कयाक ऑनलाइन मागवला. दोन माणसांचा, लांबी 10 फुटांच्या थोडी वर, खोक्यावर 180 किलो वजन पेलतो असं छापलेलं. वल्ही आणि हातपंपासकट साडेतेरा हजाराला पडला, लाइफ जॅकेट वेगळं घ्यावं लागलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्या तक्रारी पुढे करणार आहे त्यातल्या बऱ्याचशा हवा भरायच्या कुठल्याही स्वस्त कयाकबद्दल कराव्या लागतील.

आधी हवेचं सांगतो, कारण तिथेच लोक फसतात. याला तीन कप्पे आहेत: डावी नळी, उजवी नळी आणि तळ. तिघांची हवा वेगवेगळी, म्हणजे एक बसला तरी बाकीचे दोन तुम्हाला काठापर्यंत आणतात. दाब फारच कमी लागतो, चौरस इंचाला दीड पौंडाच्या आतबाहेर. सायकलच्या ट्यूबची सवय असलेल्या माणसाला तो भरल्यासारखा वाटतच नाही, मग तो आणखी चार दट्टे मारतो. पहाटे 25 अंशांना टणक भरलेला कयाक दहा वाजता काठावर उन्हात ठेवला की प्लॅस्टिक सहज 55 अंशांवर जातं. आतली हवा फुगायला बघते, जागा तेवढीच, आणि कमी दाबाच्या वस्तूला तो फरक फार मोठा असतो. शिवण उकलते ती अशी. उलट पाण्यात टाकल्याबरोबर हवा गार होऊन कयाक थोडा मऊ पडतो, तेव्हा पंप गाडीत न ठेवता सोबत घ्यायचा आणि पाण्यात टाकल्यावर चार दट्टे मारायचे. बाहेर काढला की आधी व्हॉल्व्ह सैल करायचा, फोटो नंतर. व्हॉल्व्ह मात्र चांगले आहेत. झाकण फिरवून बसतं, आतला रबरी पडदा एकाच बाजूने उघडतो, त्यामुळे पंपाची नळी काढताना हवा सुटत नाही. पंपाचा दट्टा तकलादू निघाला. दुकानात त्याला लोखंडी सळई बसवली, आता तो माझ्यापेक्षा जास्त जगेल.

जाता कुठे, असं सगळे विचारतात, कारण उन्हाळ्यात पांझरेत धुळ्याला वाळूच दिसते. नकाणे तलावाचं नाव काढू नका. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथे कयाक घालणाऱ्याला मी स्वतः हटकेन. माझी आवडती जागा म्हणजे शिरपूर तालुक्यातले नाले. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकरांनी तिथे नाले रुंद आणि खोल करून ठिकठिकाणी सिमेंटचे बांध घातले, पाणी जमिनीत मुरावं आणि विहिरी भराव्यात म्हणून. शिरपूर पॅटर्न म्हणून तो राज्यभर गेला. ज्या नाल्यांत पाणी उन्हाळ्यात टिकतं, तिथे गळवाल्याची अडचण वेगळीच. कड उभी, मुरमाची, पाय ठेवायला जागा नाही, आणि काठावरून टाकलेला गळ जिथे पोचत नाही नेमकी तिथेच लव्हाळ्यांत मरळ बसलेली. या पाण्यात कयाकचे पैसे वसूल होतात. फक्त तो खाली उतरवायला दोघं लागतात. मी भाच्याला नेतो.

मरळीसाठी कयाक चांगला का, तर तिला वर यावंच लागतं. ती हवेतून श्वास घेणारी, कल्ल्यांवर तिचं भागत नाही. म्हणून तर तळं आटत आलं, बाकीचे मासे उलटे पडले, तरी मरळ चिखलात तग धरून असते. कयाकमध्ये वल्हं आडवं ठेवून गप्प बसलं की थोड्या वेळाने लव्हाळ्यांच्या कडेला पाणी फुगल्यासारखं होतं, एक काळपट थोबाड वर येतं, हवा घेऊन खाली जातं, मागे दोन-तीन बुडबुडे. तिच्या दोन हात पुढे रबरी बेडूक टाकायचा आणि ओढायची घाई करायची नाही. दोन झटके, थांबा. पुन्हा एक झटका. आणि मग फट्‌कन असा आवाज येतो की भाचा दर वेळी दचकतो आणि कयाक हलवतो. ‘‘मामा, तूच हालना, मी नही,’’ हे त्याचं ठरलेलं. मोटारीचा किंवा लाकडी होडीवर वल्हं आपटल्याचा आवाज या कयाकला नाही. नुसत्या हवेवर बसलेलं असतं माणूस, ठक्‌ म्हणून काही वाजत नाही. माझ्या मते पैसे द्यायचे ते याच गोष्टीचे.

मासे जास्त मिळतात का? नाही. सुलवाड्याच्या वरच्या अंगाला तापीत एक भोईदादा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून हाताने पाणी मारत जाळं लावत होते. माझ्याजवळ आले, कयाकला बोटाने दाबून पाहिलं.

‘‘भाऊ, हाई कितलानं शे?’’

‘‘साडेतेरा हजारनं.’’

‘‘मनी टूब तीनशेनी शे. आनि मासा तुनापेक्षा जास्त भेटतस.’’

मग त्यांनी मला त्यांच्या जाळ्याचे तरंगते डबे कुठून कुठपर्यंत आहेत ते दाखवलं आणि तिकडे फिरकू नको म्हणून बजावलं. ही गोष्ट कयाकवाल्यांनी मनावर घ्यावी. तलाव बहुतेक ठेक्याने गेलेले असतात, मच्छीमार संस्था पैसे भरून त्यात माशांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडते. आपण रविवारी रंगीत टोपी घालून जायचं आणि त्यांचा रोहू-कटला फुकट उचलायचा, हे बरं नाही. विचारलं तर बऱ्याचदा हो म्हणतात, कधी थोडे पैसे घेतात. मरळ आणि चिलापी काढायला तर आनंदाने सांगतात, कारण मरळ त्यांचं बीज खाते.

तापीचं मोठं पाणी या कयाकचं नव्हे. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे एकामागे एक बॅरेज, म्हणजे दरवाजांचे बंधारे, असल्यामुळे भर मे महिन्यातही तिथे पात्र भरलेलं दिसतं आणि मोह होतो. पण ऊन चढलं की पश्चिमेचा वारा सुटतो. कयाक हलका, दोन्ही नळ्या फुगलेल्या उंच, सगळा वारा अंगावर घेतो आणि तुम्हाला उलटा वरच्या अंगाला ढकलत नेतो. तळाला बसवायचं स्केग नावाचं प्लॅस्टिकचं पातं आहे, त्याने सरळ रेष थोडी राखली जाते. उथळ पाण्यात मात्र तेच दगडाला अडतं, म्हणून नाल्यात मी ते काढून ठेवतो. बॅरेजच्या दरवाजांच्या बाजूला तर जायचंच नाही. आणि पाऊस सुरू झाला की तापीतून कयाक बंद. वर हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत, त्यातले किती कधी उघडतील हे तुमच्या गळाला विचारून ठरत नाही. शिवाय पावसाळा माशांच्या अंडी घालण्याचा, तेव्हा गळ खुंटीला असलेलाच बरा.

कयाक एका जागी थांबवायचा नांगर खोक्यात येत नाही. मी जळालेल्या सबमर्सिबलचा रोटर, म्हणजे मोटारीतला फिरणारा लोखंडी गाभा, वापरतो, चारेक किलोचा, वर जुनी सायकल ट्यूब ताणून चढवलेली म्हणजे धार नळीला लागत नाही. स्थिर पाण्यात कयाक जागचा हलत नाही. रॉड ठेवायलाही काही सोय नाही. दीड इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा सीटच्या पट्ट्याला बांधला, काम झालं. रॉड सहा फुटांच्या वर नेऊ नका. इतकं खाली बसून लांब रॉडने मासा जवळ घेताना टोक मोडायची पाळी येते.

पंक्चरचं म्हणाल तर पाण्यातला दगड फारसा काही करत नाही. वैरी काठावर असतो. वेड्या बाभळीचा वाळलेला काटा चपलेतून आरपार जातो, तिथे या प्लॅस्टिकची काय कथा. गाडीतून पाण्यापर्यंत कयाक डोक्यावरून न्यायचा, ओढायचा नाही, आणि हवा भरताना खाली जुनी ताडपत्री टाकायची. दुसरा वैरी तुम्ही स्वतः वर घेता. चिलापीच्या पाठीवरचे काटे उभे राहिले की ती फडफडताना सुईसारखे टोचतात. एका पावशेराच्या चिलापीने माझी उजवी नळी टोचली. हवा इतकी सावकाश गेली की काठावर येईपर्यंत फक्त कुशी मऊ लागत होती. साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधला, सोबत आलेलं ठिगळ चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवलं, अजून टिकून आहे. तेव्हापासून झाकणाची प्लॅस्टिकची बादली मध्ये ठेवतो, मासा गळासकट थेट तिच्यात. शिंगाडा मासा लागला तर तोही तसाच, त्याच्या कल्ल्यांजवळचा काटा तर हातालाही वाईट.

सीटबद्दल चांगलं लिहिण्यासारखं काही नाही. पाठ टेकली की मागचा पट्टा सरकतो, तासाभरात माणूस आडवा. दोन माणसांचा म्हणतात तो दोन माणसांचाच. दोन माणसं, दोन रॉड, बादली, रोटर आणि कळण्याची भाकर-ठेच्याचा डबा एवढं मावत नाही, वजन पेलत असलं तरी. एकट्याने मोकळं बसून गळ टाकायचा असेल तर हा दोघांचा घ्या आणि पुढची सीट काढून टाका. तुम्ही खरंच दोघं जाणार असाल तर थोडे पैसे आणखी साठवा आणि लांब मॉडेल बघा.

घरी आणल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा. गच्चीवर नको, तिथे दुपारी 44 अंश असतात. गुंडाळून तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या पिंपात ठेवतो, कारण दुकानात उंदीर आहेत आणि त्यांना वायरचं इन्सुलेशनही चालतं.