एकाच सिनेमाच्या दोन टवाळ्या: 'मिस्टरी सायन्स थिएटर' घ्यावं की 'रिफट्रॅक्स'?

टुकार सिनेमा लावायचा आणि तो चालू असतानाच त्याच्यावर शेरे मारत राहायचं, या कलेची अमेरिकेतली दोन मोठी घराणी म्हणजे 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' आणि 'रिफट्रॅक्स'. यातलं काहीच पाहिलं नसेल, तर मिस्टरी सायन्सपासून सुरुवात करा, असं मी ठामपणे सांगेन.

ही मालिका १९८८ मध्ये जोएल हॉजसनने मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर सुरू केली. अंतराळयानात अडकलेला एक माणूस (सुरुवातीला स्वतः जोएलच) आणि टॉम सर्वो, क्रो हे त्याचे यंत्रमानव यांना वेडे शास्त्रज्ञ भंकस सिनेमे पाहायला लावतात. पडद्याच्या तळाशी तिघांच्या काळ्या आकृत्या दिसत राहतात, त्यामुळे आपणही त्यांच्याच रांगेत बसलोय असं वाटतं. शेरे भरधाव इंग्रजीत असतात, बरेचसे जुन्या अमेरिकन जाहिरातींवर आणि गाण्यांवर बेतलेले. काही डोक्यावरून जाणारच. पण मधूनमधून सिनेमा थांबतो, पात्रं छोटी नाटुकली करतात आणि आपल्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

२००६ साली सुरू झालेल्या रिफट्रॅक्समध्ये माणसं यातलीच आहेत. हॉजसननंतर मालिकेचा सूत्रधार झालेला माइक नेल्सन, सोबत केव्हिन मर्फी आणि बिल कॉर्बेट. फरक आहे तो हक्कांचा. मालिकेला सिनेमांचे हक्क मिळवावे लागतात. त्यापायीच तिचा डीव्हीडीचा दहावा संच बाजारातून मागे घ्यावा लागला आणि त्यातला गॉडझिलाचा सिनेमा बदलून तो पुन्हा काढला गेला. रिफट्रॅक्सने यावर नामी तोड काढली. हक्क न मिळणाऱ्या सिनेमांसाठी ते फक्त शेऱ्यांची ध्वनिफीत विकतात, सिनेमाची डिस्क आपण आणायची आणि दोन्ही एकदम सुरू करायचं. म्हणून 'ट्वायलाइट'सारख्या बड्या सिनेमांचीही त्यांना यथेच्छ खेचता येते.

जमलं तर ही गंमत अफलातून आहे, पण जमवणं कटकटीचं. पाल या भारतात-युरोपात चालणाऱ्या चित्रपद्धतीची डीव्हीडी सुमारे चार टक्के जलद पळते, म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. ध्वनिफीत मूळ वेगाची असेल तर अर्ध्या तासात मिनिटाहून जास्त फरक पडतो, आणि मिनिटभर उशिरा आलेल्या विनोदाला कोण हसणार? सेन्सॉरची कात्री लागलेली प्रत असेल तर एका कापलेल्या दृश्यापासून पुढचं सगळंच बिघडतं. ताळमेळ राहावा म्हणून मधूनमधून एक यांत्रिक आवाज सिनेमातलं वाक्य म्हणून दाखवतो. त्यावरून पुन्हा जुळवता येतं. तरी घरी चार माणसं जमवून बसवली असताना ही खटपट नको वाटते. ध्वनिफीत कुठल्या आवृत्तीसाठी आहे, ते आधी वाचाच.

दोघांचा पिंड कळायला 'मानोस' उत्तम. टेक्सासमधल्या एल पासोच्या एका खतविक्रेत्याने १९६६ मध्ये काढलेला हा सिनेमा. त्याचा कॅमेरा एका वेळी जेमतेम ३२ सेकंद चाले, आणि आवाज मागाहून मोजक्या माणसांनी भरलेले. सुरुवातीला तर नुसती मोटार चालत राहते. मिस्टरी सायन्सने तो १९९३ मध्ये घेतला. त्यात जोएल आणि यंत्रमानव अक्षरशः मेटाकुटीला येतात, आणि सिनेमा धाडणारे शास्त्रज्ञसुद्धा माफी मागतात! रिफट्रॅक्सने २०१२ मध्ये तोच सिनेमा प्रेक्षकांसमोर रंगमंचावर केला. तिथे शेरे जास्त धारदार, हशे मोठे. पण जोएलच्या टवाळीत त्या खतवाल्याबद्दल जी माया आहे, ती मला जास्त मोलाची वाटते. सिनेमा काढायची त्या माणसाला खरोखर हौस होती, हे जोएल विसरू देत नाही.

सिनेमा निर्विघ्न पाहायचा असेल तर मात्र मिस्टरी सायन्स घेऊ नका. वेळेत बसवण्यासाठी तिथे सिनेमे कापलेले असतात. आवडता सिनेमा पूर्ण, चांगल्या चित्रासह आणि वर शेरे असा हवा असेल, तर रिफट्रॅक्सला पर्याय नाही. अमेरिकेहून डीव्हीडी मागवताना तिचा प्रदेश क्रमांक, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते, बघा. त्यांचा १, आपला ५.

पैसे घालण्याआधी चव पाहायची असेल तर दोन्हीकडे जुन्या शैक्षणिक लघुपटांवरचे शेरे आहेत. रिफट्रॅक्सच्या लघुपटांत चित्र आणि आवाज एकत्रच मिळतो, जुळवाजुळव करावी लागत नाही.