बाळाच्या झोपेसाठी व्हाइट नॉइज मशीन: आवाज बरा, टायमर फसवा

व्हाइट नॉइज म्हणजे इतर आवाज झाकणारा सलग, एकसुरी आवाज. या मशीनमधल्या बारा आवाजांपैकी कामाचा एकच, पंख्यासारखी सलग घरघर. पावसाच्या आवाजात मधेच रेकॉर्डिंगचा जोड ऐकू येतो आणि हलकी झोप तिथेच मोडते. टायमर जेमतेम 30 मिनिटांचा. तान्ह्याचं झोपेचं एक चक्र साधारण 50 मिनिटांचं. ते संपताना बाळ चाळवतं, तेव्हा आवाज गायब आणि रडारड सुरू. म्हणून टायमर बंदच ठेवा.

पाळण्याला अडकवायला हूक दिलाय, तो कशाला देव जाणे! मशीन 2 मीटर लांब ठेवा, उशाशी आवाज 50 डेसिबलच्या आत हवा. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने अंदाज येतो. निळ्या दिव्यावर चिकटपट्टी लावा. भूक, चोंदलेलं नाक यांवर मात्र याचा शून्य उपयोग.